लोकर कुणालाच जमत नाही

मामा युद्धावरून परत आला तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्यामुळे तो स्टेशनावर कसा उतरला ते मी फक्त ऐकलंय. आई सांगायची, दोन हात, दोन पाय, दोन डोळे असं सगळं शाबूत घेऊन तो डब्यातून उतरला, आणि ते बघून तिने तिथेच हंबरडा फोडला. लोकांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आली. कुणी पाणी आणलं, कुणी बसायला जागा करून दिली, आणि माझे बाबा एकेकाला सांगत सुटले, "अहो, काही नाही, आनंदाने रडतेय." ते पाणी मग तिने मामालाच दिलं. त्याने पेला हातात घेतला आणि निम्मं पाणी शर्टावर सांडलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्याचा उजवा हात कापत होता. थंडीने कापतो तसा नव्हे. आत कुठेतरी शिवणयंत्र चालू राहिल्यासारखा, बारीक आणि न थांबता.

शिवणयंत्राची उपमा आईचीच. बाबा शिंपी होते आणि घरात दुसरं यंत्र नव्हतं.

युद्धावर जायच्या आधी मामा चित्रकलेच्या शाळेत होता. शेवटचं वर्ष राहिलं होतं. त्याचा हातखंडा म्हणजे सरळ रेघ. कुलपं, घड्याळं, शिवणयंत्रं, सायकली अशा वस्तू तो इतक्या नेमक्या काढायचा की बाबांनी दुकानातल्या यंत्राचं त्याने काढलेलं चित्र भिंतीवर लावलं होतं आणि एकदा बिघाड झाला तेव्हा त्यात बघून स्क्रू कुठला ते ओळखलं होतं. आता तोच मामा दुकानामागच्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि कापडाच्या ताग्यांच्या मधे खाट टाकून राहू लागला. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा. बाबांनी गुपचूप त्याच्या शर्टांची काजं जरा मोठी करून दिली. मामाच्या ते लगेच लक्षात आलं. तो दुकानात गेला आणि म्हणाला, "भाऊजी, आभारी आहे."

"कशाबद्दल?" बाबा मान वर न करता म्हणाले.

"काजांबद्दल."

"कसली काजं?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

मामाला आभार मानायची खोडच होती. दूधवाल्याचे, पोस्टमनचे, बसमध्ये सरकून जागा देणाऱ्याचे, इतकंच काय, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाचेसुद्धा. आई म्हणायची, "अरे, इतके आभार मानतोस की समोरच्याला वाटतं आपण काहीतरी देऊन बसलो." तो नुसता हसायचा. युद्धात काय झालं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, आलो ना परत? मग झालं तर."

नोकरीसाठी तो जुन्या चित्रांची वही घेऊन फिरला. सगळीकडे वही बघून माणसं खूश व्हायची, आणि मग म्हणायची, "आता इथे बसून जरा काहीतरी काढून दाखवा." तिथे सगळं संपायचं. शेवटी तो एका जाहिरात कंपनीत गेला. मोठ्या दुकानांचे कॅटलॉग आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती तिथे तयार होत. कलाविभागाच्या प्रमुख म्हणजे एक करड्या केसांच्या, जाड चष्म्याच्या बाई होत्या. सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणत. त्यांनी वही चाळली, पायातला बूट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा काढा. शाईने."

मामाने निब बुडवली. टाचेची रेघ ओढली. ती रेघ मुंगी चालावी तशी निघाली. त्याने निब पुसली, दौतीला टोपण लावलं, वही काखेत मारली आणि म्हणाला, "वेळ दिलात, आभारी आहे."

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "बसा. त्या खुर्चीवर माझी शाल आहे, ती काढा."

"बाई, माझा हात..."

"हात मला दिसतोय. शाल काढा."

मामाने कागदावर शाल काढली. काढायला जितका वेळ लागला तितका वेळ बाई एका पायात बूट घालून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी कागद उचलला, चष्म्याजवळ नेला आणि पलीकडच्या टेबलाकडे बघून हाक मारली, "पट्टी, इकडे ये."

पट्टी म्हणजे एक उंच, किडकिडीत माणूस. हातात पट्टी न घेता तो पट्टीने ओढल्यासारखी रेघ ओढायचा, म्हणून ते नाव. कपाटं, रेडिओ, इस्त्र्या, पलंग, सगळं त्याच्याकडे. त्याने शाल बघितली आणि म्हणाला, "ऊब येतेय हो हिच्यातून."

"बघा," बाई मामाला म्हणाल्या. "सरळ रेघ ओढणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. लोकर कुणालाच जमत नाही. हा पट्टी स्वेटर काढतो तो पत्र्याचा वाटतो, घातला तर वाजेल. उद्यापासून या."

मामा त्या दिवशी घरी आला तो रस्त्यातल्या झाडांचेही आभार मानत आला असावा, असं आई म्हणायची. कारण बस थेट दारात येत असताना तो चालत आला होता.

अशी मामाच्या वाट्याला लोकर आली. स्वेटर, मफलर, घोंगड्या, गालिचे. मग ज्याला म्हणून लव आहे ते सगळंच आलं. अंघोळीचे टॉवेल, कुत्र्यांच्या बिस्किटांवरचा कुत्रा, दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतली साबण लावण्याआधीची दाढी, चहाच्या कपातून निघणारी वाफ. ऑफिसात त्याचं नाव पडलं 'लोकऱ्या'. आरामखुर्चीवर पांघरूण पडलेलं असलं की खुर्ची पट्टी काढायचा आणि पांघरूण मामा. "आमचा संसार चांगला चाललाय," पट्टी म्हणायचा, "मी घर बांधतो, हा अंथरूण घालतो."

एकदा ऑफिसच्या शेजारी नवी इमारत उभी राहायला लागली. पाया घालण्यासाठी तिथे लोखंडी खांब जमिनीत ठोकायला सुरुवात झाली. पहिला घणाचा घाव बसला तशी मामाची शाईची दौत उपडी झाली आणि मामा टेबलाखाली दिसेनासा झाला.  कुणी कुणाकडे बघेना. मग पट्टीने आपली चित्राची फळी उचलली, ते लांबलचक पाय दुमडत दुमडत गुडघ्यांवर रांगत आला आणि मामाच्या शेजारी टेबलाखाली शिरला.

"तू कशाला आलास?" मामाने विचारलं.

"वर उजेड फार येतो रे. डोळे दुखतात," पट्टी म्हणाला आणि तिथेच बसून कपाटाचा कोपरा काढू लागला.

खांब ठोकून होईपर्यंत दोघे रोज टेबलाखाली काम करत होते. बाई आल्या तेव्हा त्यांना आधी चार बूट दिसले. त्या वाकल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, "काम वेळेवर मिळालं तर छपरावर बसून काढा, मला काय." दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाखाली एक दिवा लावलेला होता.

मामीची गाठ पडली तीही याच ऑफिसात. ती खालच्या मजल्यावर प्रूफं तपासायची. चुका काढणं हा तिचा पगारी धंदा होता. एके दिवशी छापील कागद नाचवत ती जिना चढून आली.

"हे लोकरीचं जाकीट कुणी काढलंय?"

"मी," मामा म्हणाला.

"बायकांचं आहे ना? मग बटणं पुरुषांच्या बाजूला कशी?"

मामाने बघितलं. बटणं खरोखरच उलट्या बाजूला होती. शिंप्याच्या घरात राहून ही चूक! "आभारी आहे," तो म्हणाला.

"आभार कसले मानताय? चूक काढलीय मी तुमची."

"म्हणूनच तर. छापून आलं असतं म्हणजे माझ्या भाऊजींनी मला घराबाहेर काढलं असतं."

चित्रकार भांडतात, हा मामीचा अनुभव होता. ती भांडायच्या तयारीनेच आली होती. ती तशीच खाली गेली आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली, "वर एक माणूस आहे, चूक दाखवली की खूश होतो."

"मग धरून ठेव," मैत्रीण म्हणाली. "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

लग्न झाल्यावर दोघं आमच्या गल्लीतच दोन खोल्यांत राहू लागली. मी शाळेतून आले की आधी तिकडे जायची, कारण मामीकडे खायला असायचं आणि मामाकडे रंग. त्यांना मूल झालं नाही. त्याचं त्यांना काय वाटलं असेल ते मी कधी विचारलं नाही. मला मात्र दोन घरं मिळाली.

मग कॅमेऱ्याला लोकर जमायला लागली. आधी दुकानांच्या कॅटलॉगमध्ये एखादं पान फोटोचं आलं, मग निम्मी पानं, मग सगळीच. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने चित्रकारांना एकेक करून बोलावलं. पट्टीला एका इमारतींचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात जागा मिळाली. लोकऱ्याला कुठे मिळणार? नकाशात लोकर नसते.

मामा घरी बसला. सकाळी उठून दाढी करायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करायचा. संध्याकाळी त्याच पेन्सिलींना परत टोक. मामी कामावर जाताना काही बोलायची नाही, आल्यावर काही बोलायची नाही. हे असं बरेच महिने चाललं. एक दिवस तिने वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा त्याच्यापुढे ठेवला. नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू होणार होता आणि शिक्षक हवा होता.

"नाही जमणार," मामा म्हणाला. "फळ्यावर रेघ कशी ओढू मी? ऑफिसात हाताकडे कुणी बघायचं नाही. तिथे सगळा वर्ग बघत बसेल."

"बघू दे की."

"तुला सोपं वाटतं."

"मला काहीच सोपं वाटत नाही," मामी म्हणाली. "पण पेन्सिली संपत आल्यात, एवढं मला कळतं."

तो गेला. मामीने माझंही नाव त्या वर्गात घातलं. मी तेव्हा शाळा नुकतीच संपवली होती. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "नजर ठेव त्याच्यावर. पळून आला तर मला आधी कळलं पाहिजे."

तो पहिला वर्ग मला अजून दिसतो. लहान मुलांचे बाक होते आणि त्यात मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. माझ्या पुढे एक तरुण खाटीक होता, दंड असे की बाहीत मावत नव्हते. खिडकीपाशी एक म्हातारी सुईण होती, केस पांढरेशुभ्र, ताठ बसलेली. शिवाय एक बस कंडक्टर, दोघी बहिणी, एक मुका पाववाला. मामा हात खिशात घालून आला आणि हात खिशात घालूनच बोलत राहिला. उजेडाबद्दल बोलला, सावलीबद्दल बोलला, चांगलं बोलला, पण हात काही बाहेर येईनात. लोक चुळबुळायला लागले.

"सर," सुईणबाई म्हणाल्या, "तोंडी पुष्कळ झालं. आता काढून दाखवा."

मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याने खडू घेतला आणि फळ्यावर कप काढायला सुरुवात केली. खडू फळ्यावर टकटक वाजायला लागला. कुणी दारावर टिचक्या माराव्यात तसा. त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटत होता! कपाचा काठ वेडावाकडा झाला.

"सर, थंडी वाजतेय का?" खाटकाने विचारलं. त्याच्या आवाजात नुसती काळजी होती. "खिडकी लावून घेऊ?"

मामा वळला. मला वाटलं, आता हा खडू ठेवणार आणि 'वेळ दिलात, आभारी आहे' म्हणून निघणार. पण तो तिथेच उभा राहिला.

"थंडी नाही," तो म्हणाला. "मी युद्धावर होतो. आमच्या खंदकाजवळ तोफगोळा पडला आणि सगळी भिंत अंगावर आली. मी पुरा गाडला गेलो. डोळ्यांत, तोंडात माती. हा एक हात तेवढा वर राहिला होता. ओरडता येत नव्हतं, म्हणून हात हलवत राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. मग कुणीतरी तो धरला आणि नखांनी माती उकरून मला बाहेर ओढलं. तेव्हापासून हा हात थांबायला तयार नाही. त्याला वाटतं, अजून कुणाला तरी दिसायचंय."

आई, बाबा, मामी, मी, आमच्यापैकी कुणीच हे ऐकलं नव्हतं. 

"कुणी ओढलं बाहेर?" सुईणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. डोळे मातीने भरले होते. शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो, आणि आमची तुकडी पुढे गेलेली. पुष्कळ विचारलं नंतर. कुणाला सांगता आलं नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते मला..." तो थांबला.

सुईणबाईंनी हातातली पेन्सिल बाकावर ठेवली. मग म्हणाल्या, "सर, मी जन्मभर पोरं बाहेर ओढली. या गावातली निम्मी माणसं माझ्या हातून आलीत. रस्त्यात समोरून जातात, त्यांना माझं तोंडही माहीत नाही. मला त्याचं काही वाटत नाही हो. ओढताना आपल्याला एकच हवं असतं, हाती लागलंय ते जिवंत आहे ना? रडलं की झालं. तुमच्या त्या माणसालाही तेवढंच हवं असणार. ते त्याला तिथल्या तिथे मिळालं."

 खडू मामाच्या हातात बारीक बारीक हलत होता.

"आणि कपाचा कान राहिलाय काढायचा," सुईणबाई म्हणाल्या.

खाटीक आधी हसला, मग आम्ही सगळे हसलो. मामाने फळ्याकडे वळून कान काढला. तो वाकडाच आला. पण मग त्याने कपातून निघणारी वाफ काढली आणि सगळा वर्ग पुढे वाकला. पाववाल्याने तर उठून फळ्यावर हात लावून बघितला.

त्या दिवशी मी मामाबरोबर त्याच्या घरापर्यंत गेले. मामी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पळाला नाही." मामा आत गेला, खुर्चीत बसला आणि तिला सगळं सांगितलं. मी चपला हातात घेऊन हळूच निघाले. दुसऱ्या दिवशी मामीचे डोळे सुजलेले होते, पण पेन्सिलींचा डबा तिने कपाटात वर ठेवून दिला होता.

पुढे तो वर्ग चालला तो चाललाच. मामाची शिकवायची पद्धत एकदम साधी होती. रेघ कापली तर कापू दे, मधे थांबायचं नाही. ज्याचं त्याचं अंग जसं असेल तशी त्याची रेघ, ती लपवायला गेलात तर चित्र खोटं पडेल. कंडक्टरची रेघ धक्के खात जायची, त्याला तो म्हणायचा, "छान, रस्ता दिसतोय." खाटकाने आपल्या दुकानाची पाटी स्वतः रंगवली आणि उद्घाटनाला सगळा वर्ग बोलावला. त्या दोघी बहिणींतल्या धाकटीची चित्रं मुलांच्या पुस्तकात छापून आली. पट्टी एकदा घरं आणि रस्ते दूर जाताना कसे दिसतात ते शिकवायला आला होता. त्यावरून तो आणि मामा सगळ्यांसमोर इतके भांडले की लोकांनी पुढच्या आठवड्यात परत त्याला बोलवा म्हणून आग्रह धरला. तसा पट्टी मग येतच राहिला. सुईणबाई गेल्या तेव्हा त्यांच्या खाटेवरच्या भिंतीवर वर्गात काढलेली हातांची चित्रं होती. नुसते हात, वेगवेगळ्या माणसांचे. एक मामाचाही होता.

मामाला नंतर कधी विचारलं की मातीतून ओढणाऱ्या त्या माणसाची आठवण येते का, तर म्हणायचा, "येते की. पण आता मी त्याला शोधत नाही. बरा असेल कुठेतरी. मी बरा आहे, हे त्याला माहीतच आहे."

गेल्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिकेने चित्रकलेचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर हलवला. तिथे उजेड चांगला, म्हणून. हेतू चांगलाच होता. पण मामाचे गुडघे आता जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरतात. त्याने वर्गाला सांगून टाकलं, "पुष्कळ झालं. आता तुम्ही दुसरा शिक्षक बघा."  मला जरा रागच आला, की एवढी वर्षं शिकवलं आणि कुणी 'नको जाऊ' म्हणून एक शब्द बोलेना.

पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी त्याच वेळेला खाटीक दारात हजर. आता तोही पिकलाय, पण दंड तसेच आहेत. बरोबर कंडक्टरचा मुलगा आणि वर्गातले आणखी दोघे. एका आरामखुर्चीला दोन्ही बाजूंनी दांडे बांधून आणले होते.

"हे काय?" मामाने विचारलं.

"सर, मी अख्खा बैल खांद्यावर टाकून नेलाय," खाटीक म्हणाला. "तुम्ही म्हणजे नुसता मफलर. बसा."

"अरे, लोक बघतील."

"बघू दे की," मामी आतून म्हणाली आणि पायात चपला घालून बाहेर आली.

शाळेच्या जिन्यावरून ती वरात निघाली. पुढे दोघे, मागे दोघे, मधे खुर्चीत दांडा घट्ट धरून बसलेला मामा, आणि सगळ्यात मागे पिशवी घेऊन मामी. "डावी बाजू वर गेलीय, सरळ धरा," ती खालून सांगत होती. दर वळणावर मामा "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत होता. शेवटी खाटीक थांबला आणि म्हणाला, "सर, वर पोचल्यावर एकदमच माना. मधे मधे मानता तर मला हसू येतं आणि हात सुटतो." मग मामालाच हसू फुटलं. तो खुर्चीत हसत होता, खुर्ची हलत होती, आणि ते चौघे शिव्या घालत घालत हसत वर चढत होते. मी मामीच्या मागे होते. ती एका हाताने कठडा धरून पदराने डोळे पुसत होती. हसून की कशाने, ते मला सांगता येणार नाही.

वरची खोली म्हणजे चारी बाजूंनी खिडक्या. खुर्ची खिडकीपाशी ठेवली. मामाने दम खाल्ला, जरी चढून आले ते दुसरेच होते. मग त्याने बाहेर बघितलं. खाली गावाची छपरं पसरली होती. कौलांची, पत्र्याची, गच्च्यांची, धुराड्यांची, एकावर एक, दूरपर्यंत. बराच वेळ तो नुसता बघत होता आणि वर्ग त्याच्याकडे.

"इतकी वर्षं मी या गावात राहतोय," तो म्हणाला, "आणि हे कुणी मला दाखवलंच नव्हतं. चला, कागद घ्या. आज छपरं."

बाक सरकले. मामी माझ्याजवळ आली, पिशवीतून दोन कागद काढले, एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन माझ्या शेजारी बसली.